पंधराव्या वर्षी परदेशातली बॅले शाळा: एका निर्णयाचं प्रकरण

मुलगी चौदा वर्षं आठ महिन्यांची. सातव्या वर्षापासून बॅले शिकत होती. पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहण्यासाठीचे कडक टोकाचे बूट, पायात आले ते बाराव्या वर्षी. एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या प्रादेशिक फेरीनंतर तिच्यापुढे दोन प्रस्ताव आले आणि उत्तर द्यायला तीन आठवड्यांची मुदत होती. आईवडील माझ्याकडे आले तेव्हा घरात जवळपास सगळं ठरलेलंच होतं. वडिलांच्या मनाला मात्र काहीतरी खटकत होतं, आणि नेमकं काय ते त्यांना सांगता येत नव्हतं.

कलाशिक्षणासाठी मुलांना बाहेर पाठवणाऱ्या कुटुंबांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. हे प्रकरण कुटुंबाच्या आणि मुलीच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, दोन्ही शाळांची नावंही घेतलेली नाहीत.

पहिला प्रस्ताव पश्चिम युरोपातल्या एका खासगी अकादमीचा होता. पूर्ण वर्षाचा प्रवेश, अर्धी फी माफ, सप्टेंबरपासून सुरुवात. दुसरा एका जुन्या निवासी शाळेच्या उन्हाळी वर्गाचा: तीन आठवडे, फी पूर्ण, पुढच्या प्रवेशाची कसलीही हमी नाही. वरवर पाहिलं तर तुलनाच नव्हती. 'शिष्यवृत्ती मिळाली' ही बातमी नातेवाइकांत फिरून अभिनंदनंही येऊन गेली होती. अभिनंदन स्वीकारून झाल्यावर नाही म्हणणं किती जड जातं, हे अशा घरांत मी वारंवार पाहिलं आहे.

आत्ताच का?

घाईचं कारण विचारलं तेव्हा आई म्हणाली, "वय निघून चाललंय." ही भीती निराधार नाही. पॅरिस ऑपेराची शाळा १७१३ पासून चालते, सेंट पीटर्सबर्गची वागानोव्हा अकादमी १७३८ पासून. दोन्हीकडे मुलं लहानपणीच घेतली जातात. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलचा निवासी विभाग अकराव्या वर्षापासून आहे. त्या हिशेबाने पंधरावं वर्ष म्हणजे उशीरच.

पण रॉयल बॅले स्कूलमध्ये आणि इतरही अनेक ठिकाणी सोळा ते एकोणीस या वयाचा वेगळा टप्पा असतो, आणि बाहेरून येणारी मुलं बहुतेक त्याच दारातून आत जातात. १९७३ पासून स्वित्झर्लंडमध्ये होणारी प्री द लोझान ही स्पर्धा पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठीच आहे आणि तिचं बक्षीस म्हणजे नामांकित शाळेत किंवा कंपनीत (व्यावसायिक नृत्यसंघात) शिकायची संधी. म्हणजे आणखी एक वर्ष थांबलं तर मुलगी सोळाव्या वर्षी, नेमक्या त्या टप्प्याच्या तोंडाशी उभी राहणार होती. दार बंद होत नव्हतं. हे कागदावर तारखा मांडून दाखवल्यावर वडिलांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला.

आईने मिस्टी कोपलँडचं उदाहरण काढलं. तेराव्या वर्षी बॅले सुरू करून २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तिका झालेली ही बाई अनेक घरांत आशेचा दिवा आहे, आणि असावीच. पण त्याच कोपलँडच्या पंधराव्या वर्षी तिची आई आणि तिला स्वतःच्या घरी ठेवून शिकवणारं शिक्षक दांपत्य यांच्यात तिच्यावरून कोर्टकचेरी झाली होती. नृत्यासाठी मूल दुसऱ्याच्या छपराखाली राहायला गेलं की त्याच्याबद्दलचे निर्णय कोण घेणार, हा प्रश्न तिथेही उभा राहिलाच. आईला मी हा भाग सांगितला, कारण पुढचं आमचं बरंचसं काम याच प्रश्नाभोवती झालं.

ती खरंच किती चांगली आहे?

याचं उत्तर मी देत नाही आणि आईवडिलांनीही देऊ नये. तिच्या शिक्षकांनी द्यावं का, याबद्दलही मी सावध असते. हे शिक्षक प्रामाणिक होते, मुलीवर त्यांचा जीव होता. तरीही विद्यार्थिनी परदेशी गेली की वर्गाचं नाव होतं, आणि त्या नावावर पुढच्या मुली येतात. त्यात वाईट काही नाही, पण सल्ला म्हणून ते मत एकटं पुरत नाही.

म्हणून ज्यांचा या कुटुंबाशी काही संबंध नाही अशा एका ज्येष्ठ शिक्षिकेला आम्ही विनंती केली: स्पर्धेतलं व्हेरिएशन (एकटीने करायचं छोटं नृत्य) पाहू नका, तिचा रोजचा वर्ग पाहा. दीड-दोन मिनिटांचं व्हेरिएशन महिनोन्‌महिने घोटलेलं असतं. वर्गात मूल नवी गोष्ट कशी उचलतं, चूक सांगितल्यावर काय करतं, दमल्यावर त्याचं शरीर कुठे फसवतं हे दिसतं. लोझानलाही परीक्षक स्पर्धकांना वर्गात पाहून गुण देतात, ते याचसाठी.

त्यांनी पानभर लिहून दिलं. उडी हलकी, पावलांची कमान उत्तम, संगीताची जाण वयाच्या मानाने पुढची. आणि मग एक वाक्य: उजव्या खुब्यातून टर्नआउट (पाय बाहेरच्या बाजूला वळवणं) कमी आहे, तो ती गुडघ्यातून आणि घोट्यातून भरून काढते, त्यामुळे तांद्यू या पाय जमिनीवरून सरकवत ताणायच्या साध्या व्यायामातही उजव्या पावलाची आतली कड जमिनीवर दबते.

बॅलेतलं सगळं उभं राहतं ते मांडी खुब्यापासून बाहेर वळण्यावर. खुब्याची हाडं जितकी वळू देतात तितकंच वळता येतं. उरलेलं वळण पावलं जमिनीवर रेटून आणलं की आरशात पाचवी पोझिशन (एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांशी जुळवून उभं राहणं) सुंदर दिसते, पण त्याची किंमत गुडघा आणि घोटा मोजत असतात. रोज दीड-दोन तासांच्या वर्गात हे खपून जातं. पूर्णवेळ प्रशिक्षणात, जिथे दिवसाचे पाच-सहा तास शरीर कामाला लागतं, तिथे खपत नाही.

शरीर

आता या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग. मुलगी आणि वडील बाहेर गेल्यावर आईने सांगितलं की तिला अजून पाळी आलेली नाही. "डान्स करणाऱ्या मुलींना उशिराच येते ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्या सुरात प्रश्नापेक्षा विनवणी जास्त होती.

उशिरा येते हे खरं, पण त्यावर सोडून देणं चूक. पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत पाळी आली नाही तर डॉक्टरांनी कारण शोधावं, हा वैद्यकशास्त्रातला सर्वसाधारण नियम आहे. नर्तिकांना त्यातून सूट नाही. खाणं आणि श्रम यांचा मेळ बसला नाही की शरीर आधी प्रजननाची यंत्रणा मंदावतं, मग हाडांकडे दुर्लक्ष करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' हे नाव दिलं. मुलग्यांनाही ती होते. पौगंडावस्था हाच हाडांत आयुष्यभराची भर पडण्याचा काळ; तो उपासमारीत गेला तर पुढे ती भर पूर्ण करणं कठीण. बॅले नर्तिकांच्या पावलातलं दुसऱ्या बोटामागचं लांब हाड तडकतं, त्यामागे अनेकदा हीच गोष्ट असते.

डॉक्टरांच्या तपासणीत बाकी दोष निघाला नाही. वर्षभरात उंची झपाट्याने वाढली होती आणि वजन जवळपास तिथेच होतं. सकाळचं खाणं ती शाळेच्या घाईच्या नावाखाली टाळत होती, आणि संध्याकाळच्या वर्गाआधी 'जड वाटतं' म्हणून काही घेत नव्हती. कोणीही तिला बारीक हो म्हटलं नव्हतं. तिने स्वतःच मोबाइलवर परदेशी शाळांतल्या मुलींचे व्हिडिओ बघून ते ठरवलं होतं.

डॉक्टरांकडून परतताना गाडीत झालेलं बोलणं आईने मला नंतर सांगितलं.

"आई, तिथे सगळ्याच मुली अशा असतात."

"असतील. त्यांच्या आयांना विचारायला मी जाणार नाही. तुझी आई मी आहे."

"म्हणजे तू मला पाठवणार नाहीस."

"पाठवेन. अशी नाही पाठवणार."

माझ्या मते निर्णय खरा इथेच झाला. पुढचे आठवडे आम्ही कागद गोळा केले, तक्ते केले, पत्रं लिहिली, तरी या एका वाक्याने दिशा ठरवली होती: जायचं, पण शरीर सावरल्यावर, आणि जिथे ते कोणीतरी सांभाळेल अशाच ठिकाणी.

शाळांना पाठवलेली पत्रं

दोन्ही शाळांना आम्ही तेच प्रश्न पाठवले. पत्र मुलीच्या आईच्या नावाने गेलं, भाषा नम्र होती, पण गोल गोल काही नव्हतं. रात्री मुलीची जबाबदारी कोणाची? आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर संमती कोण देतं? वजन आणि वाढ यांची नोंद कोण ठेवतं, शिक्षक की नर्स? दुखापत झाली तर वार्षिक मूल्यमापनाचं काय होतं? शालेय शिक्षण कसं पूर्ण होतं? मागच्या तीन तुकड्यांतल्या किती जणांना पगारी करार मिळाला?

खासगी अकादमीचं उत्तर चार दिवसांत आलं, मनमोकळं आणि उत्साही. विद्यार्थी साधारणपणे एकत्र खोली भाड्याने घेतात, शोधायला आम्ही मदत करू. जवळच चांगलं क्लिनिक आहे. शालेय शिक्षण ज्याने त्याने ऑनलाइन करायचं. दरवर्षी प्रवेश पुन्हा ठरतो, तो 'कलात्मक निर्णय' असतो आणि मधेच थांबवलं तर फी परत मिळत नाही. शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक सुरेख भित्तिपत्रक जोडलं होतं: माजी विद्यार्थ्यांचे फोटो आणि खाली कंपन्यांची नावं.

त्या भित्तिपत्रकावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि ज्या पालकांना असं भित्तिपत्रक मिळेल त्यांनीही घालवावा. कंपनीचं नाव लिहिलेलं असतं, पण तिथे मूल काय म्हणून आहे ते लिहिलेलं नसतं. कोर द बॅलेमध्ये, म्हणजे कंपनीच्या समूहनर्तकांत, पगारी करार असणं ही एक गोष्ट. अप्रेंटिस म्हणजे बहुधा थोडका मोबदला आणि एक-दोन हंगामांची मुदत. ट्रेनी म्हणजे अनेक ठिकाणी मोबदला नाहीच, उलट फी भरावी लागते. यांच्यामध्ये ज्युनिअर कंपन्या येतात, जशी म्युनिकमध्ये २०१० पासून आणि ॲमस्टरडॅमच्या डच नॅशनल बॅलेत २०१३ पासून आहे. शाळेतून व्यवसायात उतरण्याची ती चांगली पायरी मानली जाते. भित्तिपत्रकावरची नावं वडिलांनी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एकेक करून तपासली. निम्म्याहून जास्त जण ट्रेनी निघाले.

ही अकादमी फसवी होती असं मी म्हणत नाही. शिकवणाऱ्यांत उत्तम नर्तक होते. एकोणीस-वीस वर्षांच्या, पायावर उभ्या असलेल्या मुलीला कदाचित ती योग्यही ठरली असती. पण पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री आठनंतर मोठं माणूसच नाही, अशी ती व्यवस्था होती.

निवासी शाळेचं उत्तर यायला दोन आठवडे लागले आणि ते कोरडं होतं. सोबत बालसुरक्षेचं धोरण, वसतिगृहाचे नियम, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन. वजन फक्त नर्स घेते, आकडा शिक्षकांना सांगितला जात नाही, ठरावीक मर्यादेखाली गेल्यास मुलीला नाचू दिलं जात नाही. दुखापतीमुळे वर्ग चुकला तर मूल्यमापन पुढे ढकललं जातं. करारांच्या आकड्यांत ट्रेनी वेगळे दाखवले होते.

वडील म्हणाले, "जुनी शाळा आहे, नाव आहे, मग ठीकच असणार." इथे मात्र मी त्यांना थांबवलं. नाव पुरेसं नसतं. व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीचं नाव लहान नव्हतं. २०१९ मध्ये तिथल्या मुलांना मिळालेल्या शारीरिक आणि मानसिक वागणुकीच्या बातम्या बाहेर आल्या आणि नेमलेल्या चौकशी आयोगाने मुलांच्या संरक्षणात गंभीर उणिवा असल्याचं नोंदवलं. कागदावरचं धोरण ही पहिली चाळणी. ते पाळलं जातं का हे कळायचं तर तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग होता, कारण मुलगी तिथे राहून ते डोळ्यांनी बघणार होती.

पैशाबद्दल

थोडक्यात सांगते. 'अर्धी शिष्यवृत्ती' म्हणजे फीची अर्धी. राहणं, खाणं, विमा, प्रवास, फिजिओ आणि शेवटच्या वर्षी शहराशहरांत फिरून द्यायच्या ऑडिशन यातलं काहीही त्यात धरलेलं नसतं. पॉइंट शूजचंच बघा: कागद, कापड आणि खळ यांच्या थरांनी बनलेलं त्याचं टोक घामाने आणि वजनाने मऊ पडतं, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलीची जोडी बघता बघता संपते. वडिलांनी सगळं मांडल्यावर माफ झालेली फी एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शाइतकीही भरली नाही. उरलेल्यासाठी ते घर गहाण ठेवायच्या तयारीत होते.

त्या बैठकीत मी बॅले नर्तक सेर्गेई पोलुनिनची गोष्ट काढली. युक्रेनमधल्या खेर्सोनचा हा मुलगा. त्याच्या शिक्षणासाठी आई त्याला घेऊन कीवला राहिली, वडील पोर्तुगालला आणि आजी ग्रीसला कामाला गेली. तेराव्या वर्षी तो लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये एकटा पोहोचला. तो तिथे शिकत असतानाच आईवडील विभक्त झाले. २०१० मध्ये तो रॉयल बॅले या कंपनीचा सर्वांत तरुण प्रमुख नर्तक झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये, बाविसाव्या वर्षी, कंपनी सोडून बाहेर पडला. एका माणसाच्या आयुष्यातून सरळ कारणं काढता येत नाहीत, आणि त्या कुटुंबाने जे केलं ते प्रेमापोटीच केलं. पण सगळ्या घराचा संसार एका मुलाच्या पायांवर तोलला की त्याला थकायची, दुखायची, नको म्हणायची मुभा उरत नाही, एवढं मला त्यात स्पष्ट दिसतं.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग गहाणाचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला. त्या आठवड्यात त्यांनी मुलीला समोर बसवून सांगितलं, "आम्ही जेवढं परवडेल तेवढंच घालतोय. तू कधीही परत आलीस तर कोणाचं काही बुडणार नाही." ती चिडली. तिला ते अविश्वासासारखं वाटलं. त्याचा अर्थ तिला जवळपास तीन वर्षांनी लागला.

नकार आणि मधलं वर्ष

अकादमीला तीन ओळींचं आभाराचं आणि नकाराचं पत्र गेलं. तिच्या शिक्षकांना हे फार लागलं. "अशी संधी परत येत नाही," म्हणून त्यांनी काही दिवस अबोला धरला. त्यांना पटवायचा हट्ट आम्ही केला नाही. बाहेरच्या शिक्षिकेचं पत्र त्यांना वाचायला दिलं, आणि त्यांच्या मोठेपणाची गोष्ट अशी की त्यानंतर तिच्या उजव्या पायाकडे त्यांनी स्वतःहून लक्ष घातलं.

जुलैमध्ये ती उन्हाळी वर्गाला गेली. पहिल्याच दिवशी बारवर (सरावाच्या आडव्या दांड्याशी) शिक्षिकेने हात 'तिसरी'त, म्हणजे हातांच्या तिसऱ्या स्थितीत, न्यायला सांगितले. ती रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या इंग्रजी पद्धतीत वाढलेली. तिसरी म्हणजे एक हात पुढे गोलाकार आणि दुसरा बाजूला. आजूबाजूच्या सगळ्यांचे दोन्ही हात डोक्यावर. वागानोव्हा या रशियन पद्धतीत तिसरी ती हीच, तिच्या पद्धतीतली पाचवी. चूक अर्ध्या सेकंदात सुधारली, पण आरशात संपूर्ण ओळीत आपलेच हात वेगळे दिसल्याचा तो क्षण तिच्या मनात रुतून बसला. घरी ती नेहमी पहिल्या ओळीत असायची. इथे मधल्या ओळीत, कोपऱ्याकडे.

फोनवर रडली. आईने परत ये म्हटलं नाही आणि सगळं छान होईल असंही म्हटलं नाही. "उद्याचा वर्ग कर, मग बोलू," एवढंच. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतः सांगितलं की जेवणाच्या टेबलावर वसतिगृहाच्या बाई बसतात आणि कोणी ताट तसंच ठेवून उठलं तर हळूच विचारतात. धोरण पाळलं जातंय का, याचं उत्तर आम्हाला तिथे मिळालं.

शाळेने हिवाळ्यातल्या ऑडिशनला बोलावलं. मधले महिने तिने खुब्याच्या खोल स्नायूंसाठी फिजिओने दिलेले कंटाळवाणे व्यायाम केले. टर्नआउट दिसायला कमी झाला आणि खरा झाला. वजन सावरलं. डिसेंबरात पाळी सुरू झाली. शाळेची परीक्षा नीट पार पडली. त्याखेरीज तिने कपडे धुणं, साधा स्वयंपाक, बँकेचं खातं आणि त्या देशाची बोलण्यापुरती भाषा शिकून घेतली. जानेवारीत प्रवेश मिळाला. त्यानंतर कागदपत्रांचा डोंगर: अल्पवयीन मुलीच्या व्हिसासाठी आईवडिलांची लेखी संमती, तिथल्या पालक-प्रतिनिधीचं पत्र, तातडीच्या उपचारांचा अधिकार कोणाला याचं साक्षांकित पत्र. हे शेवटचं लोक विसरतात.

गेल्यानंतर

सोळा पूर्ण होऊन ती गेली. पहिलं वर्ष एकटेपणाचं होतं, पण चाललं. आईला मी एकच गोष्ट सुचवली होती: फोनवर पहिला प्रश्न खाण्याचा किंवा नाचाचा नको. सुरुवातीला आईला दुसरं काय विचारावं तेच सुचेना. मग त्या दोघी एकच पुस्तक वाचून त्याबद्दल बोलू लागल्या.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत डाव्या पावलात दुखू लागलं. तिने तीन दिवस लपवलं, चौथ्या दिवशी वर्गात उडीनंतर पाय टेकवताना शिक्षिकेच्या ध्यानात आलं. त्याच संध्याकाळी वसतिगृहातून घरी फोन आला. एमआरआयमध्ये दुसऱ्या बोटामागच्या हाडाला ताणाची इजा दिसली. हाड तडकायच्या बेतात होतं, अजून तडकलं नव्हतं. पायाला आधाराचा बूट, सहा आठवडे उड्या आणि पॉइंट बंद.

मूल्यमापन मार्चमध्ये होतं. जवळपास तीन वर्षांपूर्वी पत्रात विचारलेला प्रश्न आणि त्याचं लेखी उत्तर आता कामाला आलं: तारीख पुढे गेली, कोणाला विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. त्या काळात ती वर्गात बसून टिपणं काढायची, जमिनीवर झोपून बारचे व्यायाम करायची. घरी फोन करून ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, परत आले तरी चालेल? ते खरंच आहे ना?" ते म्हणाले, "आहे." ती परत आली नाही. पण विचारता आलं, आणि मला या साऱ्या प्रकरणात ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

ती आता अठरा पूर्ण आहे आणि शेवटच्या वर्षात आहे. इथे एक अडचण आली, तिची कल्पना आम्हाला आधी असायला हवी होती असं कोणी म्हणेल. शाळेच्या नियमांत ती लिहिलेलीच होती. वसतिगृह अठराव्या वर्षी संपतं. म्हणजे ज्या वर्षी ऑडिशनचे सगळ्यात जास्त प्रवास, सगळ्यात जास्त नकार आणि वजनाची सगळ्यात जास्त धास्ती, त्याच वर्षी जेवणाच्या टेबलावरच्या बाई नाहीत. अनेक शाळांत हा टप्पा असाच पडतो, आणि माझ्या मते ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे. कायद्याने सज्ञान झालेली मुलगी रातोरात स्वतःला सांभाळू लागते असं नाही.

त्यावर जमवलेली सोय अशी: खोली वर्गातल्याच दोन मुलींबरोबर, शाळेपासून चालत जाता येईल अशी. शाळेच्या नर्सकडे महिन्यातून एकदा जायचं तिने स्वतःहून चालू ठेवलं आहे. पाळी चुकली तर ती आईला सांगते, हा दोघींमधला करार. ऑडिशनच्या प्रवासाचं अंदाजपत्रक वडिलांनी वेगळं काढून ठेवलं आहे आणि त्यात किती ठिकाणी जायचं याचा निर्णय तिचा.

अर्ज गेले आहेत: तीन ज्युनिअर कंपन्या, काही मध्यम आकाराच्या कंपन्या. बिनपगारी ट्रेनीपदासाठी अर्ज करायचा नाही असं तिने ठरवलं आहे. या वयात तिला ते ठरवता येतं याचा मला फार आनंद आहे. शिक्षण संपल्यावर त्या देशात राहायचं तर नोकरीचा करार आणि त्यावर आधारलेला परवाना लागेल, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत पगारी करार हातात नसेल तर ती घरी येणार, वर्षभर शिक्षकांकडे सराव करत पुन्हा ऑडिशन देणार. शालेय शिक्षण पूर्ण झालेलं असल्यामुळे त्याच वर्षी फिजिओथेरपीच्या प्रवेशाचा अर्जही ती भरणार आहे. हा दुसरा अर्ज तिनेच सुचवला, पाय बुटात असताना. पहिल्या ऑडिशनची तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे.